मायक्रोस्कोपची वही: हायड्रिला झाला, आता कपाशीची कैरी

पोळा झाला, कपाशीला कैऱ्या, म्हणजे हिरवी बोंडं, धरली आणि माझ्या मायक्रोस्कोपला पुन्हा काम लागलं. सध्या पेशीच्या आतल्या सांगाड्याचा नाद आहे. ओळखीतले हौशी लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की चाळीसच्या लेन्सखाली तो दिसतो का? नाही दिसत. हा सांगाडा प्रथिनांच्या धाग्यांचा: त्यातला ॲक्टिनचा तंतू साधारण 7 नॅनोमीटर जाडीचा, मायक्रोट्यूब्यूलची नळी 25 नॅनोमीटरची, आणि आपला उजेडावरचा साधा मायक्रोस्कोप 200 नॅनोमीटरच्या आसपासच हात टेकतो. म्हणून सांगाडा शोधत डोळे फोडायचे नाहीत, त्याने केलेलं काम शोधायचं. ते ढळढळीत दिसतं.

सुरुवात हायड्रिला या पाणवनस्पतीपासून. जळगावहून मासे विकणाऱ्या दुकानातून जुडी आणली. मधली शीर सोडली तर या पानात पेशींचे दोनच थर असतात, त्यामुळे ब्लेडने काप घ्यायची कटकट नाही. अख्खं पान थेंबात ठेवायचं, वर कव्हरस्लिप. तोडल्या तोडल्या हरितलवकं ढिम्म बसलेली असतात. दिव्याखाली दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग शिरेजवळच्या लांबट पेशीत एखादा हिरवा ठिपका सुटतो, त्यामागे दुसरा, आणि बघता बघता सगळी रांग भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या घालायला लागते. कोपऱ्यावर त्यांची चेंगराचेंगरी होते. एखादं लवक आडवं होऊन अडतं, गिरकी घेतं आणि परत वाटेला लागतं. मी यातच दुपार घालवतो.

वेग काढायचा तर ग्राफ पेपर पुरतो. माझ्याकडे चारच्या लेन्सखाली साडेचार मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, म्हणजे चाळीसखाली 0.45 मिलिमीटर. त्यावरून मोबाइलच्या व्हिडिओत एक ठिपका धरून मोजलं, तर सेकंदाला पाच-सहा मायक्रोमीटर निघतात. पाणी थोडं कोमट असलं की जास्त. आपल्याकडचं ऊन म्हणजे या प्रयोगाला आयता हीटर, पण मे महिन्यातल्या दुपारी पान उकडून निघतं, तेवढं सांभाळा. ही हालचाल पहिल्यांदा नोंदवली बोनाव्हेंतुरा कोर्ती या इटालियनाने, 1774 साली, कारा या पाणवनस्पतीत. कारात ती सेकंदाला 50 मायक्रोमीटरच्याही पुढे जाते.

लवकं स्वतःच्या बळावर पळत नाहीत. पेशीच्या कडेने ॲक्टिनचे जुडगे पसरलेले असतात, त्यांवरून मायोसिन हे प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करत चालतं आणि चालता चालता सगळा पेशीरस ओढत नेतं. हीच जोडी आपल्या दंडाच्या स्नायूतही राबते. पॅरामिशियम या एकपेशी जीवाच्या अंगावरच्या केसांचं तंत्र निराळं. तिथे कडेने मायक्रोट्यूब्यूलच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन नळ्या, आणि वाकवणारं प्रथिन डायनिन. व्होर्टिसेला हा देठावरचा एकपेशी जीव दचकून देठ गुंडाळतो, तेही बरेच जण या हिशेबात धरतात. ते धरू नये. तो कॅल्शियमवर आखडणाऱ्या वेगळ्याच प्रथिनाचा खेळ आहे, त्यात ॲक्टिन-मायोसिन नाही.

आता माझ्या मते खानदेशातल्या माणसाने करायलाच हवा असा विषय. कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलायच्या सुमाराला फुगते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत 25 ते 30 मिलिमीटर लांब होते. जाडी मात्र 15-20 मायक्रोमीटरच राहते. एवढी लांबते पण फुगत कशी नाही? भिंतीच्या आतल्या अंगाला मायक्रोट्यूब्यूल आडवे बसलेले असतात. त्यांच्या दिशेने, भिंत ज्याची बनते त्या सेल्युलोजचे धागे विणले जातात आणि पेशीला आडवे आवळून धरतात, चाकावर धाव चढवावी तसे. मग वाढायला एकच दिशा उरते.

हे कळलं त्याची गोष्टही झकास आहे. पॉल ग्रीन या शास्त्रज्ञाने कारासारख्याच नायटेला या वनस्पतीला कोल्चिसिन हे विष दिलं, तर तिच्या लांबट पेशी लांबायच्या सोडून चहूबाजूंनी फुगल्या. कोल्चिसिन पेशीविभाजनाचे धागे मोडतं हे माहीत होतं. तेव्हा भिंतीलाही तसलेच धागे दिशा देत असणार, असं त्याने 1962 मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर या शास्त्रज्ञांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते धागे, म्हणजे मायक्रोट्यूब्यूलच्या नळ्या, भिंतीलगत सापडले. सेल्युलोज विणणारी यंत्रं जिवंत पेशीत त्या नळ्यांच्या रेषेवरून सरकताना दिसायला मात्र 2006 उजाडलं. हे कोल्चिसिन आपल्या सातपुड्यात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असतं. कंद जिवावर बेतणारा आहे, घरी कोणी हा प्रयोग करू नये.

पारोळ्याकडे मामांच्या शेतात भरलेली पण न उकललेली कैरी फोडली. बांधावर बसून चिमटा चालवताना मामा म्हणाले, “काय देखी ऱ्हायना रे भाऊ?” त्यांनाही दाखवलं. आतला कापूस ओला, साबुदाण्याच्या लगद्यासारखा चिकट. चार तंतू पाण्यात ठेवले, तर सरळ, गोल नळ्या. कव्हरस्लिप काढून तसेच वाळू दिले. कडेपासून नळी चपटी होत येते आणि मग एकदम पीळ पडतो. थोडं पुढे दुसरा पीळ, तो कधी उलट्या बाजूचा. धागा पूर्ण लांबला की मायक्रोट्यूब्यूल तिरपे होतात, त्यांच्यामागे सेल्युलोजही मळसूत्री बसतं, आणि ते मळसूत्र मध्येच दिशा बदलतं. पिळाची बाजू त्यावर ठरते. हाच पीळ एकमेकांत अडकतो म्हणून सूत कातता येतं.

मळसूत्राची ही उलटापालट बघायची युक्ती: जुन्या एलसीडी स्क्रीनची पोलरायझर फिल्म (उजेडाची कंपनं एकाच दिशेत जाऊ देणारी) सोलून एक तुकडा दिव्यावर, दुसरा आयपीसवर ठेवायचा. वरचा फिरवत जायचं. सगळं काळं झालं की धागे चमकतात. मग स्लाइड हळूहळू फिरवली, की जिथे मळसूत्र पलटतं तिथे आडवा काळपट पट्टा येतो. कोवळ्या कैरीतला धागा मंद दिसतो, त्याची भिंत अजून पातळ असते. फिल्मचा चिकट थर स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर सगळं धुरकट दिसेल.

पुढचं काम देशी कपाशीचं. तिचा धागा आखूड आणि जाड असतो, पलटण्याच्या जागा किती अंतरावर येतात ते अमेरिकन जातीशी ताडून बघायचं आहे. चोपडा-यावलकडे कोणी अजून देशी लावत असेल तर दिवाळीआधी दोन-चार हिरव्या कैऱ्या ओल्या फडक्यात बांधून ठेवा, मी घ्यायला येतो.