तुम्ही विचारलंत म्हणून: आईला रोज चीज का देते

वाडीच्या जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच: "अगं, या वयात आईला रोज चीज देतेस?" विचारण्यात काळजी असते, मान्य. पण कुणाची लोकल चुकत असते, कुणाचा कुकर शिट्ट्या देत असतो, आणि माझं उत्तर अर्ध्यावर राहतं.

आईला दूध सोसत नाही. पेलाभर प्यायली की पोट फुगतं, रात्र वाया जाते. मुरलेल्या चेडर चीजचा तो त्रास नाही. दुधातली साखर, लॅक्टोज, चीज करताना बरीचशी सुटलेल्या पाण्याबरोबर निघून जाते, उरलेली जिवाणू संपवतात. आम्ही अंडंही खात नाही. २० ग्रॅमच्या तुकड्यातून तिला साधारण ५ ग्रॅम प्रथिनं, १४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि थोडं बी-१२ मिळतं. बी-१२ वरणभातात नसतं. "नाचणी दे की!" देते. दोन चमचे पेज झाली की ती वाटी सारते. ताक घेते, पण तेही घोटभर.

आता गणपतीतलं सांगते. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, गिरगावात नातेवाइकांकडे. कवळी हिरड्यांना टोचत होती, मोदकसुद्धा तिने नुसता हातात धरला. मी डब्यातून मऊ पोळीत किसलेलं चीज घालून नेलं होतं. कित्येक आठवड्यांनी ती स्वतःच्या हाताने, कुणी भरवल्याशिवाय खात होती. दोन घास झाले असतील. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी ताटली उचलली. "विष आहे हे, हार्टअ‍ॅटॅक येईल," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि ताटली आत घेऊन गेल्या. आईने हात पदराला पुसले. "मला भूक नव्हतीच," म्हणाली. मला माहीत होतं, तिला भूक होती. पाहुण्यांच्या घरी, बाप्पासमोर भांडायचं नाही म्हणून मी गप्प बसले. त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी चीज समोर ठेवलं तर विचारलंन, "खाऊ ना गं?" स्वतःच्या घरात, माझी परवानगी!

पूर्वी मीही म्हणायचे, चीज म्हणजे सँडविचवाल्याने टोस्टवर किसून ओतायचा पोरांचा लाड. तेव्हाचं माझं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. त्याच तुकड्यात सुमारे ४ ग्रॅम संपृक्त चरबी, म्हणजे हृदयासाठी बेतानेच खावी अशी चरबी, असते, मीठ असतं. प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकजीव करणारे क्षार घालतात, त्यामुळे सोडियम आणखी वाढतं, आणि आईला बीपीची गोळी चालू आहे. म्हणून पापड-लोणचं बंद केलं, तुकडा एकच ठेवला. ते पुरेसं आहे का, हे दर तपासणीला डॉक्टरांना विचारते. चीज खाल्लं की हाड मोडणार नाही, असं मी कधीच म्हटलेलं नाही. त्यात ड जीवनसत्त्व नावापुरतंच, म्हणून सकाळी तिला गच्चीवर उन्हात नेते, आधार देऊन चालवते.

तरीही तुम्हाला चूक वाटत असेल, तर तिला पचेल, चावेल आणि ती आपणहून मागेल असं दुसरं काही सुचवा. डब्यात घालून आणलंत तर आणखी बरं. मात्र ताटली तिच्यासमोरून उचलू नका.