आमची वाटचाल: म्हापशाच्या दुकानातून बालवाडीच्या वर्गात

आमचा मूळ धंदा खेळणी विकण्याचा. सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी ठोकळे, रंगीत फळं, चकत्या आणायच्या आणि इथल्या बालवाड्यांना पुरवायच्या, एवढंच. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आलेल्या टीचर जाता जाता दुकानात डोकावत. ठोकळ्यांचा भाव विचारून झाला की खरा विषय निघे. "एक मुलगा चावतो हो, काय करू?" "एक चिमुरडी आई गेली की टेबलाखाली शिरते ती बाहेरच येत नाही." माझ्या वहिनीनं बरीच वर्षं बालवाडी सांभाळलेली. हातातला हिशेब टाकून ती बोलत बसायची, बाकीची गिऱ्हाइकं खोळंबायची आणि मी वैतागायचो. शेवटी मीच म्हटलं, वहिनी, शटर ओढल्यावर मागच्या खोलीत वर्गच घ्या, आणि फी लावा. तिथून हा दुसरा धंदा सुरू झाला. आज पहिल्यापेक्षा तोच जास्त चालतो.

मुलांना गप्प कसं बसवायचं हे शिकवायचं नाही, असं वहिनींनी आधीच बजावलं होतं. 'हाताची घडी, तोंडावर बोट' आपण सगळ्यांनीच केलंय. पण स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटते. तीन वर्षांच्या पोरानं रांगेत मुकाट उभं राहावं ही अपेक्षाच मुळात महाग. आणि दोन-अडीच वर्षांचं मूल चावलं म्हणजे ते दुष्ट नसतं. त्या वयात शब्दांआधी दात चालतात.

गोव्यात तर शब्दांचा घोळ आणखी मोठा. घरी कोंकणी, वर्गात इंग्रजी नाहीतर मराठी, शेजारच्या चटईवर कन्नड किंवा हिंदी बोलणारं मूल. म्हणून आमच्या प्रशिक्षणाचा पहिला तास आमची बेळगावची सहकारी घेते, आणि तोही निव्वळ कन्नडमधून. पिवळा कागद घ्या, घडी घाला, उठा, बसा. हातवारे नाहीत, हसणं नाही. कोणाला कळलं नाही की तेच वाक्य जरा आवाज चढवून पुन्हा. थोड्याच वेळात मागच्या टीचर एकमेकींच्या कानाला लागतात, कोणी मोबाइल काढतं, कोणी कागदाची होडी करतं. एकदा एक ज्येष्ठ बाई उठून चक्क पाणी प्यायला गेल्या त्या परतल्याच नाहीत. मग वहिनी विचारतात, "आता यातलं व्रात्य कोण, ते सांगा." खोलीत हशा पिकतो, आणि पुढचं शिकवणं सोपं जातं.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे शंभर पानी वही. पानावर तीन रकाने: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. 'हट्टीपणा केला' असं लिहायचं नाही. 'डबा फेकला' असं लिहायचं. डिचोलीकडच्या एका बालवाडीत एक मुलगा रोज धक्काबुक्की करायचा. घरात लाड जास्त झालेत, असं सगळ्यांचं निदान. वही भरत गेली तसं दिसलं की प्रत्येक नोंद हात धुण्याच्या रांगेतली. नळ एक, मुलं पंचवीस, आणि हा उंचीनं मोठा म्हणून कायम शेवटी. टीचरनं पाच-पाच मुलं पाठवायला सुरुवात केली, उरलेल्यांसाठी गाणं लावलं आणि याला साबण वाटायचं काम दिलं. ढकलाढकली एकदम थांबली नाही, पण वहीतल्या नोंदी विरळ झाल्या.

हे एका दिवसाच्या कार्यक्रमातून साधत नाही. फ्लेक्स, पुष्पगुच्छ, प्रमुख पाहुणे, प्रमाणपत्रांसोबत फोटो, असल्या कामाची मागणी भरपूर. पैसाही बरा. पण प्रशिक्षणानंतर वर्गात येऊन बसू दिलं तरच आम्ही काम घेतो. या अटीपायी बरीच कामं हातची गेली. एका संचालकांनी तर तोंडावर सांगितलं, "आमच्या टीचरना काय येत नाही ते बघायला बाहेरचं माणूस कशाला?" 

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर शालेय रचनेत आणला, आणि गोव्यात २०२३-२४ पासून तो लागू झाला तसे फोन वाढले. अर्थात यात नवं फारसं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत जे बालशिक्षणाचं काम सुरू केलं, त्यातही मुलाकडे बघूनच शिकवणं ठरायचं. आपल्याकडे ते मागे पडलं, इतकंच. कायद्याची गंमत बघा: शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारायला आणि मानसिक छळाला बंदी करतं, पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. अडीच-तीन वर्षांचं पोर त्याच्या कक्षेत येतच नाही. म्हणून आमच्या करारात 'हात उगारणार नाही, घाबरवणार नाही' हे आम्ही वेगळं लिहून घेतो.

निदान मात्र आम्ही करत नाही. हाका मारून वळत नाही ते मूल ऐकत नसेल, किंवा त्याला ऐकूच येत नसेल. सर्दीनं कान भरलेली कितीतरी मुलं 'दुर्लक्ष करतात' म्हणून ओरडा खातात. अशा वेळी पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगा, एवढंच आम्ही टीचरना शिकवतो.

सध्या आमचं भांडण बालवाडीतल्या आयांवरून, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या मदतनीस बायांवरून चाललंय. रडतं मूल उचलून घेणं, चड्डी बदलणं, डबा भरवणं, दिवसातला अर्धा वेळ मूल त्यांच्याच हाती असतं. पण शाळा त्यांची फी भरायला तयार नसतात. म्हणून आता दोन टीचरमागे एक आया फुकट, असं आम्हीच ठरवलंय. त्यांचा वर्ग कोंकणीतून, पेडणे आणि डिचोलीत, दुपारी शाळा सुटल्यावर. वही त्यांना नको असते, लिहायचा कंटाळा. त्या तोंडीच सांगतात, आणि खरं सांगायचं तर वहीपेक्षा नेमकं सांगतात.