आमची वाटचाल : पत्र्याखालचा बल्ब

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या एका गल्लीत होतं. आठ बाय दहाची खोली, पुढे टेबल, टेबलावर जळक्या चोकचा ढीग आणि वार्निशचा वास. ट्यूबचे चोक, पंखे, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करून देणं हा धंदा. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत खेड्यापाड्यांत बारा-बारा तास लाईट नसायची, आणि आली की कधी १७० व्होल्ट तर कधी २८०. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की गल्लीतल्या निम्म्या घरांचे टीव्ही-पंखे एकदम जळायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात रांग लागायची. खरं बोलायचं तर खराब विजेवरच आमचं घर चाललं, माझा डिप्लोमाही त्यावरच झाला.

२०१२ मध्ये सामान आणायला मुंबईच्या लोहार चाळीत गेलो होतो, तिथून एक ७ वॅटचा एलईडी बल्ब घेऊन आलो. साडेसहाशे रुपयांना. अण्णांनी तो पेटवून पाहिला, विझवला, उलटा केला आणि विचारलं, "हे जळाल्यावर उघडायचं कसं?" प्रकाशाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्री मी तो बल्ब उघडला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर तांदळाएवढ्या पिवळ्या चिप्स, खाली एक छोटं सर्किट. तांबडा एलईडी १९६२ पासून आहे, आपल्या टेपरेकॉर्डरवरचा तो लाल ठिपका म्हणजे त्याचंच पोर. पांढऱ्यासाठी मात्र निळा रंग हवा होता, आणि तेजस्वी निळा एलईडी जमायला पुढची तीस वर्षं गेली. निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर (स्वतः उजळणारी पूड) चढवलं की डोळ्याला पांढरं दिसतं. या निळ्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी दिवाळीत आम्ही घरामागच्या खोलीत पहिले शंभर बल्ब जोडले. नोबेलचा आणि आमचा काही संबंध नाही. अण्णा मात्र गिऱ्हाइकांना ही गोष्ट आवडीने सांगायचे.

सामान दिल्लीच्या भगीरथ पॅलेसमधून यायचं. हाउसिंग म्हणजे बाहेरचं अंग, चिप्स बसवलेली प्लेट, ड्रायव्हर म्हणजे चिप्सना बेताचा करंट देणारं सर्किट, कॅप, आणि डिफ्यूझर म्हणजे वरचं दुधी झाकण. प्लेटखाली पांढरी पेस्ट लावायची, स्क्रू आवळायचे, वायर ओढायच्या, पंचिंग मशीनवर कॅप दाबायची, डिफ्यूझर बसवायचा आणि बल्ब आठ तास रॅकवर जळत ठेवायचा. तेव्हा कामाला चौघी होत्या. त्यातल्या दोघी आजही आहेत आणि त्यांच्यासमोर माझं काही चालत नाही.

विकताना मी कागदावर एकच हिशेब मांडायचो. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट. आमचा ९ वॅटचा तितकाच वेळ लावला तर सव्वा युनिटाच्या थोडं वर, आणि उजेड त्याच्याहून कमी नाही. किराणा दुकानदाराला हे लगेच कळायचं. ज्यांचा आकडा तारेवर होता त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मग ५ जानेवारी २०१५ ला सरकारची स्वस्त एलईडी बल्बांची उजाला योजना आली. सरकारने इतक्या प्रचंड संख्येने बल्ब घेतले की २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. देशभर पस्तीस कोटींच्या वर बल्ब घरोघरी गेले. एवढा स्वस्त आणि बरा बल्ब गरिबाच्या घरात गेला, हे चांगलंच झालं. चूक आमच्या खरेदीची होती. मी जुन्या भावाने सहा हजार बल्बांचं सामान उचलून ठेवलं होतं. आमचा बल्ब नुसत्या सामानातच दीडशेच्या पुढे पडत होता, आणि लोक लाईटबिल हातात घेऊन त्याहून कमी पैशांत बल्ब नेत होते. बायकोचं गंठण बँकेत गेलं. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, म्हणून जास्त लागलं.

त्यापाठोपाठ आला २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तो. टँकरची वाट पाहत असतानाच विकलेले बल्ब परत येऊ लागले, तेही पोत्यांनी. औशाकडचे एक मामा पिशवी टेबलावर ओतून म्हणाले, "भैया, आमच्या घरी तुमचे जळालेत, अन् भावाच्या घरी तुमचेच चालू हायत. असं कामून?"

मी त्यांच्याबरोबर मोटारसायकलवर गावाला गेलो. मामांचं घर पत्र्याचं, भावाचं माळवदाचं. दुपारी पत्र्याखाली हात वर केला की भाजल्यासारखं व्हायचं, आणि बल्ब लटकत होता पत्र्यापासून वीतभर अंतरावर. माळवदाखाली गारवा. उत्तर तिथंच मिळालं.

टेबलावर घेऊन एक-एक बल्ब उघडला. डिफ्यूझर चाकूने उचकटला की बहुतेक प्लेटवर एखाद्या चिपच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसायचा. सगळ्या चिप्स एका माळेत जोडलेल्या असतात, एक गेली की अख्खी माळ बंद. गल्लीतले कारागीर त्या काळ्या चिपवर कथिलाचा थेंब टाकून बल्ब पुन्हा पेटवून देतात. पेटतो, पण उरलेल्यांचं आयुष्य काही वाढत नाही. बाकीच्या बल्बांत चिप्स धडधाकट होत्या, कपॅसिटर मात्र डोक्यावर फुगलेला. ८५ अंश तापमानापर्यंतचा कपॅसिटर पत्र्याखाली बंद डब्यात किती टिकणार? तापमान दहा अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आणि दिल्लीहून आलेल्या त्या लॉटमध्ये चिप्स कमी घालून करंट जास्त सोडलेला होता. दुकानात लखलखीत दिसावं म्हणून. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, इस रेट में यही मिलेगा. त्याचंही खोटं नव्हतं.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. ९ वॅटच्या बल्बला आम्ही १२ वॅटची प्लेट आणि हाउसिंग वापरतो. चिपवर करंट कमी, अ‍ॅल्युमिनियम जास्त, कपॅसिटर १०५ अंशांचा. आत व्होल्टेजच्या झटक्यासाठी एमओव्ही (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा भाग) आणि एक फ्यूज. बल्ब बाजारभावापेक्षा पंचवीस-तीस रुपयांनी महाग पडतो. शेल्फवर आमचा बल्ब इतरांपेक्षा किंचित मंद दिसतो, हेही खरं. दुकानदार त्यावरून आजही नाक मुरडतात. बल्बच्या सरकारी नोंदणीसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवायचा खर्च चौघींच्या दोन महिन्यांच्या पगारांइतका झाला. पण वर्षभरानंतर परत येणाऱ्या पिशव्या थांबल्या, आणि ज्या खेड्यांत पत्र्याची घरं जास्त तिथून मागणी वाढली.

गावोगावच्या पथदिव्यांचं कामही केलं. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतींकडे थेट येत होता, प्रत्येक सरपंचाला गाव उजळायचं होतं. दिवे लागले, फोटो निघाले, बिलं राहिली. एका गावाचे पैसे पंधरा महिन्यांनी मिळाले, तोवर सरपंच बदललेला. आता आम्ही पथदिवे दुरुस्त करून देतो, ठेका घेत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये एलईडी बल्बवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला तेव्हा सर्वांसारखी आमचीही पंचाईत झाली; ते रडगाणं नको.

सगळ्यांत मजेशीर गिऱ्हाईक शेतीतून आलं. एका तरुण शेतकऱ्याने शेवंतीच्या शेतात लावायला दोनशे बल्ब मागितले. मला वाटलं, चोरीच्या भीतीने असेल. तर म्हणाला, शेवंतीला रात्र मोठी झाली की कळी धरते, मधेच उजेड दिला की ती थांबते आणि दांडा वाढतो. पुढच्या हंगामात त्याचा मेव्हणा ड्रॅगन फ्रूटसाठी आला. तिथं नेमकं उलटं, दिवस लांबला की बिगरहंगामी फूल येतं. एका पिकाला बल्ब लावला की फूल लांबणीवर पडतं, दुसऱ्याला लावला की येतं. अशा बल्बांना पाऊस आणि दव दोन्ही सोसावं लागतं, म्हणून होल्डरच्या तोंडाशी रबरी वायसर घालायला आमच्याकडे कामाला असलेल्या बायकांनीच सुचवलं. आता शेतासाठीचा माल वेगळ्या रॅकवर असतो.

आज एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे, अकरा माणसं आहेत, त्यात आठ बायका. अण्णा रोज दुपारी येतात. तपासणीच्या टेबलावर त्यांचाच जुना सिरीज बोर्ड आहे. त्यावर १०० वॅटचा तारेचा बल्ब लागतो. तपासायचा बल्ब त्याच्या सिरीजमध्ये लावायचा. तारेचा बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ड्रायव्हर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट. मीटर आहेत, पण हा बोर्ड कोणी हलवू देत नाही.

गेल्या महिन्यात तो १०० वॅटचा बल्ब उडाला आणि काम अडलं. गंजगोलाईत तीन दुकानं फिरलो, कुठेच नाही. चौथ्या दुकानात माळ्यावरच्या खोक्यात धूळ बसलेले दोन सापडले. दुकानदार आमचाच जुना गिऱ्हाईक, त्याच्या शेल्फवर आमचे बल्ब लावलेले. बल्ब पुसत तो म्हणाला, "मालक, हे तुम्हीच न्यायलाव व्हय?" मी दोन्ही घेतले. पैसे घ्यायला तो तयार नव्हता.