ब्रेस्टच्या रिपोर्टात 'न्यूरोएंडोक्राइन' दिसलं तर

ब्रेस्टच्या बायोप्सी रिपोर्टवर 'न्यूरोएंडोक्राइन' असं छापून गेलं की रिपोर्ट लिहिणाऱ्या माझ्यासारख्या पॅथॉलॉजिस्टला नातेवाईकांचा फोन ठरलेलाच, आणि पहिला प्रश्न, मॅडम हा इरफान खानला झालेला तोच ना? 2018 ला त्याने स्वतः जाहीर केलं तेव्हापासून हे नाव घराघरात पोचलंय, पण ब्रेस्टमधला मामला बराच वेगळा आहे.

इथे बहुतेक वेळा कॅन्सर ब्रेस्टचाच असतो, फक्त त्यातल्या पेशी न्यूरोएंडोक्राइन पेशींची (मज्जापेशींसारखे गुण असलेल्या, हार्मोन सोडणाऱ्या पेशींची) प्रोटीन्स बनवत असतात. साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर पेशींचे गच्च पुंजके दिसले की शंका येते, पण पुस्तकातलं ते मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं न्यूक्लियस ब्रेस्टमध्ये दिसेलच असं नाही. मग आयएचसी लावायचं, म्हणजे ठराविक प्रोटीन रंगवून दाखवणारी तपासणी, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन या दोन मार्करसाठी, पेशी तपकिरी झाल्या की पॉझिटिव्ह. नुसता सीडी56 हा मार्कर पॉझिटिव्ह आला तर मी त्याला काडीची किंमत देत नाही, तो कशातही येतो.

डब्ल्यूएचओने 2003 ला याचा वेगळा गट केला, निम्म्याहून जास्त पेशी पॉझिटिव्ह हव्यात अशी अट घालून, मग 2012 ला व्याख्या बदलली आणि 2019 ला परत बदलली! आता सॉलिड पॅपिलरी कार्सिनोमात (ब्रेस्ट कॅन्सरचाच एक प्रकार) हे मार्कर आले तरी तो सॉलिड पॅपिलरीच. तेव्हा जुना आणि नवा रिपोर्ट जुळला नाही तर लगेच लॅबच्या नावाने खडे फोडू नका.

ट्रीटमेंट मुख्यतः ईआर, पीआर (पेशींमधले हार्मोन रिसेप्टर), हर-टू (पेशींवरचं एक प्रोटीन) आणि स्टेजवरच ठरते, आणि या गाठी बऱ्याचदा ईआर पॉझिटिव्ह असतात म्हणजे हार्मोनच्या गोळ्या चालतात. स्मॉल सेल हा छोट्या पेशींचा प्रकार निघाला तर मात्र गोष्ट वेगळी, तो दुर्मिळ पण आडदांड, त्याला फुफ्फुसातल्या स्मॉल सेलसारखीच केमो देतात.

मला स्वतःला धास्ती असते ती एकाच गोष्टीची, गाठ ब्रेस्टमध्येच उगवली की आतड्यातून, फुफ्फुसातून आली? शेजारच्या डक्टमध्ये (दुधाच्या नळीत) इन-सिटू, म्हणजे नळीबाहेर न पडलेला कॅन्सर सापडला तर गाठ इथलीच म्हणून जीव भांड्यात पडतो, गॅटा-थ्री (ब्रेस्टकडे बोट दाखवणारा मार्कर) आणि ईआरचीही मदत होते. पण सुईने काढलेल्या छोट्याशा कोअर बायोप्सीत डक्ट येईलच कशी, आणि चुकलं तर बाईचं उगाच मोठं ऑपरेशन व्हायचं. आणि सर्जनलोक फॉर्मवर लिहितात काय तर 'लंप ब्रेस्ट', म्हणजे ब्रेस्टमध्ये गाठ, बस्स! अहो, पेशंटचं पूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालंय एवढी एक ओळ खरडली असती तरी मी आतड्याकडे बोट दाखवणारं सीडीएक्स-टू आधीच लावलं असतं.