शिओमिझु की एन्सुई?

जपानीत ‘मीठ’ आणि ‘पाणी’ ही दोन चित्राक्षरे शेजारी आली की त्यांचा उच्चार शिओमिझु करायचा की एन्सुई, हे अक्षरांवरून कळत नाही; ते पाणी कोणाच्या हाती आहे, यावरून ठरते. शिंपल्यांतली वाळू सुटावी म्हणून घरी केलेले पाणी शिओमिझु, तर धातूच्या गंजचाचणीच्या अहवालात तेच एन्सुई होते. शाळेच्या गणितात शेकडेवारीची उदाहरणे मात्र शोकुएन्सुईची, म्हणजे खाण्याच्या मिठाच्या द्रावणाची असतात आणि त्याआधी ‘सेइरी’ लागले की ते ०.९ टक्क्यांचे सलाइन होते.

स्वयंपाक्यांचे शब्द याहून नेमके आहेत. मासे धुण्यासाठी समुद्राइतके, सुमारे ३ टक्के खारट केलेले पाणी म्हणजे तातेजिओ. योबिजिओ हा माझा सर्वांत आवडता शब्द, कारण त्याचा शब्दशः अर्थ ‘बोलावणारे मीठ’ असा आहे. खारवलेली माशाची अंडी साध्या पाण्यात टाकली तर बाहेरून पाणचट होतात आणि आत खारटच राहतात. म्हणून ती अगदी सौम्य मिठाच्या पाण्यात ठेवतात, आणि ते पाणी आतल्या मिठाला हळूहळू बाहेर बोलावून घेते.

शेतीत एन्सुईसेन आहे, म्हणजे मिठाच्या पाण्याने बियाण्याची निवड. कृषितज्ज्ञ योकोई तोकियोशी यांनी १८८२ मध्ये फुकुओका येथे ही पद्धत काढली. दहा लिटर पाण्यात सुमारे दोन किलो मीठ विरघळवून, म्हणजे त्याचे विशिष्ट गुरुत्व १.१३ करून, त्यात भाताचे बी टाकायचे आणि बुडालेले तेवढे पेरायचे. चिकट भातासाठी मात्र १.०८ पुरते. आपल्याकडे कृषी विभाग भाताच्या बियाण्यासाठी तीन टक्क्यांचे, म्हणजे दहा लिटरला ३०० ग्रॅम मिठाचे पाणी सांगतो. निवड त्याच तत्त्वाची, पण चाळण बरीच ढिली.

माझी फजिती झाली ती ‘बुराइन’ या, इंग्रजी ‘ब्राइन’वरून आलेल्या शब्दाने. पाककृतींत कोंबडीचे मांस मुरवण्याच्या मीठ-साखरेच्या पाण्याला हा शब्द येतो, म्हणून एका शीतयंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या अनुवादात मी बिनदिक्कत ‘मिठवणी’ लिहिले. शीतयंत्रात मात्र गारवा वाहून नेणाऱ्या कोणत्याही न गोठणाऱ्या द्रवाला बुराइन म्हणतात, आणि त्या यंत्रात इथिलीन ग्लायकॉल होते, ज्यात मिठाचा कणही नसतो आणि जे पोटात गेले तर विष ठरते. तपासनिसाने समासात एवढेच लिहिले होते, ‘हे चाखून पाहिलेत का?’