आमची वाटचाल: पुस्तक न फोडता

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आमच्या जुन्या सचित्र पुस्तकांच्या छोट्या दुकानात पुस्तकांतून कापलेली सुटी चित्रं मिळत नाहीत. काचेवर तसं लिहून ठेवलंय, तरी कुणी ना कुणी आत येऊन विचारतंच, "रदूतेचा एखादा गुलाब आहे का? हॉलमध्ये लावायचा होता." रदूते म्हणजे फुलांचा नामांकित चित्रकार. नाही म्हटलं की चेहरा पडतो. मग कुठे मिळेल ते आम्हीच सांगतो. तो धंदा बेकायदा नाही, आणि आलेल्या माणसाला उगाच वणवण करायला लावण्यात काही शहाणपण नाही. आम्ही मात्र पुस्तक अख्खं घेतो आणि अख्खंच विकतो. इतक्या वर्षांत हे दुकान जे काही झालं ते या एका हट्टामुळे, आणि जे झालं नाही तेही त्यामुळेच.

हट्ट का म्हणते ते सांगते. अठराव्या शतकातल्या फ्रेंच सचित्र पुस्तकात मजकूर एका यंत्रावर छापला जाई आणि चित्र दुसऱ्या. अक्षरांचे खिळे उंचावलेले असतात, शाई त्यांच्या माथ्यावर लागते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचं याच्या बरोबर उलट. तिथे शाई खोबणीत बसते, आणि ती उचलायला ओलसर कागद रुळांमधून जबरदस्त दाबाने काढावा लागतो. म्हणून चित्रं वेगळ्या कागदावर छापत आणि बांधणीच्या वेळी पानांमध्ये घालत. जे वेगळं घातलं ते वेगळं काढताही येतं. धारदार सुरी हवी, बस.

रदूतेचा गुलाबांवरचा ग्रंथ १८१७ ते १८२४ या काळात हप्त्याहप्त्याने निघाला. एकाच पत्र्यावर कापडाच्या छोट्या बोंडांनी वेगवेगळे रंग भरायचे, एका दाबात छापायचं आणि वर जलरंगाचा हात फिरवायचा, अशी ती पद्धत. पत्र्यावर रेषा नसतात, बारीक ठिपके असतात. म्हणून पाकळीची कडा कुठे संपते ते भिंग लावूनही चटकन कळत नाही. असे १६९ गुलाब. एकेक फ्रेममध्ये घालून विकला तर बेरीज अख्ख्या ग्रंथाच्या पुढे जाऊ शकते. त्यातून प्रतीत दोन-चार पानं आधीच गहाळ असली तर अख्ख्याची किंमत कोसळते, सुट्या गुलाबांची मात्र जशीच्या तशी राहते. सुरी उचलणाऱ्याचा हिशेब चुकीचा नसतो, हे मान्यच करायला हवं.

मी मूळची पुण्याची. फ्रेंचची सुरुवात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये झाली. पुढच्या शिक्षणासाठी इथे आले आणि खर्चाला हातभार म्हणून एका वयस्कर ग्रंथविक्रेत्याकडे अर्धवेळ काम धरलं. पहिले कित्येक महिने त्यांनी मला गिऱ्हाइकाशी बोलूच दिलं नाही. काम एकच: प्रत पानन् पान ताडून पाहायची. पान सलग आहे का, चित्रं सगळी आहेत का, ती मूळची आहेत की दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलेली, कागदाच्या जाळीच्या रेषा जुळतात का, पत्र्याचा दाबलेला चौकोन कागदावर दिसतो का. शेजारी कोएनची सूची उघडी. अठराव्या शतकातल्या चित्रांच्या पुस्तकांसाठी तिची १९१२ची, सेमूर द रिची यांनी सुधारलेली आवृत्ती अजूनही आमच्या टेबलावर असते. मिस्यू, म्हणजे ते ग्रंथविक्रेते, फार बोलत नसत. मी "पूर्ण आहे" म्हटलं की ते फक्त विचारत, "कोणाच्या मते?"

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या साठ्याचा एक भाग मी आणि माझ्या नवऱ्याने घेतला. बँकेतल्या साहेबांना तारण म्हणून पुस्तकं ही कल्पनाच पटेना. शेवटी नवऱ्याच्या पगारावर कर्ज मिळालं. तो संगणकातला माणूस. आजही हिशेब आणि फोटो त्याच्याकडे, खरेदी आणि वर्णनं माझ्याकडे. भांडणं मुख्यतः खरेदीवरून होतात.

पॅरिस सोडून ल्यों का, असं पुष्कळ जण विचारतात. भाडं, हे खरं उत्तर. पण शहर काही उपरं नाही. चित्रं असलेलं फ्रान्समधलं पहिलं छापील पुस्तक १४७८ साली इथेच निघालं, त्याचे लाकडी ठसे बाझलहून आणलेले होते. सोळाव्या शतकात रू मेर्सियेर ही छापखान्यांचीच गल्ली होती. आता तिथे खाणावळी आहेत, पण मुद्रणाचं संग्रहालय दोन पावलांवर आहे. आणि रेशमाच्या या गावाने १८८६-८७च्या सुमारास एक प्रार्थनेचं पुस्तक चक्क विणलं. छापलं नाही, विणलं. जाकार मागावर, छिद्रांच्या लाखो पुठ्ठ्यांच्या आधाराने, करड्या-काळ्या रेशमात, अक्षरं आणि मध्ययुगीन नक्षीच्या चौकटींसकट. पैठणीच्या पदरावरचा मोर ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना त्यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत. तशी प्रत विकत घेण्याची ऐपत अजून आमच्यात नाही.

सुरुवातीला अठराव्या शतकाचाच ध्यास होता. एझेनची ऐंशी चित्रं असलेली फ्रेंच कवी ला फोंतेनच्या 'कथां'ची १७६२ची आवृत्ती, जी सरकारी महसूल मक्त्याने गोळा करणाऱ्या गब्बर मंडळींनी पैसे घालून काढली. तिच्यातली दोन चित्रं सोवळी आणि ओवळी अशा दोन्ही अवतारांत सापडतात. एकात अंगावर पुरेसं कापड, दुसऱ्यात नाही. संग्राहक ओवळ्यासाठी जास्त मोजतात, आणि फोनवर विचारताना आवाज खाली आणतात. पण अशा पुस्तकांत पैसा वर्षानुवर्षं अडकून पडतो. एक चांगली प्रत विकत घ्यायची म्हणजे बाकी शेल्फ रिकामं ठेवायचं. आमच्यासारख्याला ते झेपेना.

मग आमची गाडी एकोणिसाव्या शतकाकडे वळली, आणि तिथे एक गंमत लक्षात आली. १८३०नंतर फ्रेंच प्रकाशकांनी लाकडावरच्या कोरीवकामाचा सपाटा लावला. बॉक्सवूड नावाचं घट्ट लाकूड, ते आडवं कापून त्याच्या माथ्यावर कोरायचं. चित्राचा ठसा खिळ्यांच्याच उंचीचा असल्यामुळे तो मजकुराबरोबर, त्याच यंत्रात, त्याच पानावर छापता येतो. क्युर्मेर या प्रकाशकाने १८३८ साली काढलेली 'पोल ए व्हिर्जिनी' ही कादंबरी पाहा. शेकडो छोटी चित्रं ओळींच्या मधे, परिच्छेदाच्या कडेला, अध्यायाच्या शेवटी पसरलेली. हे पुस्तक फोडायचं ठरवलंत तरी मजकुराने लडबडलेल्या पानापलीकडे हाती फारसं लागणार नाही. त्याच खंडाच्या शेवटी 'भारतीय झोपडी' ही कथा आहे. सत्याच्या शोधात हिंदुस्थानात हिंडणारा इंग्रज विद्वान ब्राह्मणांकडून निराश होऊन परततो, आणि वादळी रात्री त्याला आसरा व उत्तर मिळतं ते एका अस्पृश्याच्या झोपडीत. कथा १७९१ची. तिच्यासाठी तरुण मेसोनियेने काढलेली नखाएवढी दृश्यं मी तासन् तास पाहिली आहेत. आमच्या दुकानाचा कणा म्हणजे ही अशी पुस्तकं: प्रकाशक क्युर्मेर, चित्रकार ग्रांव्हिल आणि तोनी जोआनो. किमती आवाक्यातल्या, गिऱ्हाईक तरुण, आणि सुरीची भीती कमी.

भीती अजिबात नाही असं नव्हे. चित्रकार गुस्ताव्ह दोरेच्या मोठ्या ग्रंथांतली चित्रं पुन्हा स्वतंत्र पानांवर आली. दान्तेचं 'इन्फेर्नो' १८६१, पेरोच्या परीकथा १८६२, 'बायबल' १८६६. अनेक तुकडे जोडून केलेल्या ठोकळ्यावर दोरे शाईच्या छटांनी थेट रंगवायचा, आणि त्या छटा रेषांत उतरवायचं डोकेफोडीचं काम पिझां, पानमाकेर यांच्यासारखे कोरणारे करायचे. चित्राच्या तळाला त्यांचीही सही असते. यातला अर्धा मान कोरणाऱ्यांचा आहे असं माझं मत आहे. वर्णनात आम्ही त्यांची नावं न चुकता देतो, त्याने विक्री वाढत नाही तरी.

आमच्या हट्टाची खरी कसोटी ऊद्रीची चित्रं असलेल्या ला फोंतेनच्या प्राणिकथांनी घेतली. १७५५ ते १७५९ मध्ये निघालेले चार भलेमोठे खंड, सुरुवातीचं एक चित्र आणि मग २७५ पूर्ण पानी चित्रं. ऊद्री हा प्राण्यांचा नामांकित चित्रकार. मूळ रेखाटनं त्याने १७२९ ते १७३४च्या दरम्यान केली होती. कोरणाऱ्यांच्या सोयीसाठी ती कोशँने पुन्हा काढली, आणि पहिला खंड आला त्याच वर्षी ऊद्री गेला. ल्योंजवळच्या बोजोले भागात एका कुटुंबाच्या घरात संच निघाला. बांधणी साध्या वासराच्या कातड्याची, कणे वरून फाटलेले, पण आतला कागद असा खणखणीत की पान उलटताना आवाज येत होता. चिंध्यांपासून केलेला जुना कागद टिकतो. शंभर वर्षांनी धाकट्या असलेल्या पुस्तकांवरच तांबूस ठिपके जास्त दिसतात.

'माकड आणि बिबळ्या' या गोष्टीच्या चित्रात जत्रेतल्या तंबूवर एक फलक आहे. पहिल्या छपाईत तो कोरा, नंतरच्या छपाईत त्यावर बिबळ्याचं नाव कोरलेलं. या संचात कोरा होता. पण मी आधी उघडलं ते कासवाचं पान. दोन बदकं काठीची टोकं चोचीत धरून कासवाला उडवत नेतात आणि ते नको तेव्हा तोंड उघडतं. पंचतंत्रातलं कंबुग्रीव कासव ते हेच. आपल्याकडे त्याला हंसांनी नेलं होतं. फारसी-अरबी वळसा घालून फ्रान्सला पोचेपर्यंत हंसांची बदकं झाली. ला फोंतेनने १६७८च्या आपल्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला हिंदुस्थानी ऋषी 'पिल्पे' याचं ऋण उघड मान्य केलंय, त्यामुळे उसनवारीचा आरोप करायचीही सोय नाही.

त्या कुटुंबाला एका व्यापाऱ्याने आमच्यापेक्षा जास्त किंमत सांगितली होती. का, ते उघड होतं: २७५ फ्रेम. आम्ही विकत घेण्याऐवजी विक्रीसाठी ठेवून घेतो म्हटलं, आणि घरातल्या आजींनी दोन दिवसांनी होकार कळवला. संच जायला दोन हिवाळे लागले. नवऱ्याने त्या काळात एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही, याची नोंद इथे करून ठेवते.

रोजचं मीठ-भाकरीचं काम मात्र ज्यूल व्हर्न करतो. त्याचा प्रकाशक हेत्झेल याच्या लाल-सोनेरी कव्हरांचे संग्राहक हा स्वतंत्र पंथ आहे. कव्हरांच्या नक्षीवरून त्यांची नावं: दोन हत्ती, सोनेरी गोल, दीपस्तंभ. कोणता रंग दुर्मीळ, कणा उन्हाने किती विटलाय, यावर ही मंडळी संध्याकाळभर बोलू शकतात. मराठी वाचकाला आतला मजकूरही ओळखीचा वाटेल. ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेच्या कादंबरीत पास्पार्तू हा नोकर मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. १८८०च्या 'वाफेचं घर' या कादंबरीची सुरुवात होते औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणाऱ्या पत्रकाने. पुढचा एक अध्याय वेरूळच्या लेण्यांत घडतो. व्हर्न भारतात कधी आला नव्हता, पण बेनेतची चित्रं पाहताना ते विसरायला होतं.

यातूनच भारतविषयक फ्रेंच सचित्र पुस्तकांची आमची वेगळी यादी सुरू झाली. तिचे बरेच वाचक मराठी आहेत: पुण्या-मुंबईचे, लंडनचे, न्यू जर्सीचे. सोनराचा १७८२चा प्रवासग्रंथ, १४० ताम्रचित्रांचा, त्यात देवदेवतांइतकीच कारागिरांचीही चित्रं. लुई रूस्लेचं १८७५चं राजेरजवाड्यांचं हिंदुस्थान, जे मुंबईपासून सुरू होऊन कोकण आणि दख्खनमधून वर सरकतं. १९१९ची किपलिंगची 'जंगल'कथा, झूव्हने चितारलेली आणि श्मीडने कोरलेली, फक्त १२५ प्रतींची. ही शेवटची आमच्या हातून एकदाच गेली. सोनराचा ग्रंथ मागे लिलावात आम्हाला पक्का मिळाला असं वाटलं होतं. हातोडा पडला, आणि मागच्या रांगेतून एक शब्द आला: "प्रेएम्प्स्यों". १९२१च्या कायद्याने सरकारला पडलेल्या बोलीवर वस्तू आपल्याकडे वळवता येते, पंधरा दिवसांत निर्णय कायम करायचा. त्यांनी केला. राग आला, पण त्या प्रतीचं रंगकाम पाहता मीही तेच केलं असतं.

आधीच फोडलेल्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. असे सांगाडे आम्ही घेतो. दुसऱ्या प्रतीतला गहाळ नकाशा किंवा चित्र त्यातून भरून काढायचं, आणि यादीत स्पष्ट लिहायचं की अमुक पान दुसऱ्या प्रतीतलं आहे. काही जणांना तेही पसंत नसतं. आमच्या मते न सांगता केलं तर लबाडी, सांगून केलं तर दुरुस्ती.

मुंबईतल्या जुन्या घरांच्या कपाटांतून, पुदुच्चेरीतून आजोबांच्या फ्रेंच पुस्तकांबद्दल अधूनमधून विचारणा येतात. त्यांना सांगणं एवढंच: चिकटपट्टी लावू नका, नवीन बांधणी करू नका, उन्हात वाळवू नका. भडक हिरवं कापडी कव्हर असेल तर हात धुवा. एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असतं, आणि २०२४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यापायी चार पुस्तकं वाचकांपासून बाजूला काढली. मत द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. शीर्षकपानाचा, कण्याचा आणि एखाद्या चित्राचा फोटो पाठवा. हेत्झेलचं पुस्तक असेल तर शेवटी जोडलेल्या जाहिरातींच्या यादीचाही पाठवा, कारण आवृत्तीचं साल बहुतेक वेळा तिथूनच कळतं.