पिवळं मीटर

सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हाच कळलं, पंप असणार. पावसाळ्यात त्या वेळेला सोसायटीवाले दुसऱ्या कशासाठी उठवत नाहीत.

"अहो, वरच्या टाकीत टिपूस नाही. आणि पंप नुसता हूंऽऽ करतोय," सेक्रेटरी काकू म्हणाल्या.

परळला भोईवाड्याजवळची सात मजल्यांची बिल्डिंग. महापालिकेचं पाणी ठरल्या वेळेला खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने वर चढवायचं. पंप बसला की सातही मजले कोरडे. थ्री फेज मोटर हूं हूं करते आणि फिरत नाही, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, एक फेज, बहुतेक वेळा गेलेली असते. मी काकूंना स्टार्टर बंद करायला सांगितला आणि बारक्याला फोन लावला. बारक्या म्हणजे माझा असिस्टंट. चिपळूणकडचा पोरगा, आयटीआय करून दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आला. राहतो काळाचौकीला, त्यामुळे माझ्याआधी पोचणार हे माहीत होतं.

"मी येईपर्यंत नुसतं बघून ठेव, तिन्ही फेज पूर्ण आहेत का," मी म्हटलं. हे वाक्य माझं. त्या दिवसाचं जे काही झालं त्यात ते मोजलं पाहिजे.

मी पोचलो तेव्हा पंप रूमच्या बाहेर काकू, वॉचमन आणि बादल्या घेऊन चारपाच जण उभे होते. आत पॅनेलचं दार उघडं. बारक्याच्या डाव्या हातात व्होल्ट-करंट मोजायचं मीटर, उजव्या हातात त्याच्या दोन्ही लीडची, म्हणजे वायरींची, टोकं चिमटीत धरल्यासारखी. ही पद्धत मीच शिकवलेली: पायात रबरी चप्पल, एक हात पॅनेलपासून लांब. मीटरचा नॉब व्होल्टवर, साडेसातशेच्या आकड्यावर. सगळं बरोबर. तीन फेजना आम्ही आर, वाय आणि बी म्हणतो. त्याने लाल टोक आर फेजला लावलं आणि काळं वाय फेजला.

सुतळी बॉम्बचा आवाज असतो ना, तसा, पण कोरडा. निळसर पांढरा उजेड इतका की मला दारात उभं राहून काही क्षण काहीच दिसेना. मग जळक्या तांब्याचा वास आणि बारक्याचं "आईऽ गं". मीटर त्याच्या पायाशी दोन तुकड्यांत पडलेलं, लाल लीडच्या वायरचं वरचं प्लास्टिक मधोमध फाटून आत तांबंच उरलेलं नाही. उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा काळे. भुवया अर्ध्या.

पहिलं काम भाजलेल्या हातावर पाणी. गार, वाहतं, वीस मिनिटं. आणि पाणीच नव्हतं! बिल्डिंगमध्ये पाणी नाही म्हणून तर आम्ही आलो होतो. तळमजल्यावरच्या एका आजींनी पिंप भरून ठेवलेलं होतं, त्या म्हणाल्या घ्या रे सगळं. वॉचमन लोटीने ओततोय, मी मनगट धरून बसलोय. कुणीतरी वरून टूथपेस्ट घेऊन धावत आलं, त्यांना मी जरा जोरातच परत पाठवलं. मागून त्याचं वाईट वाटलं. चांगल्या मनाने आणली होती.

हॉस्पिटलचं थोडक्यात सांगतो. डोळे वाचले, कारण त्याला जवळून वाचताना चष्मा लागतो आणि तो त्याने घातला होता. बोटांची सालं गेली. तीन आठवडे ड्रेसिंग.

परत येऊन फॉल्ट मीच काढला. बी फेजच्या फ्यूजच्या बेसमध्ये ओल शिरून काँटॅक्ट गंजलेला होता, हाताच्या बोटाएवढी जागा काळी पडलेली. तासाभराचं काम. पण त्याआधी आर आणि वाय फेजचे पॅनेलमधले फ्यूजही बदलावे लागले, कारण बारक्याच्या शॉर्टला शेवटी तेच उडाले होते. ६३ अँपिअरचे एचआरसी, म्हणजे मोठा शॉर्ट तोडू शकणारे बंदिस्त फ्यूज. वरून बघितलं तर फ्यूज जसेच्या तसे, ना काळे ना तडकलेले. आपलं काम गुपचूप करून गेले होते. साडेदहाला पंप फिरला. काकूंनी चहा दिला आणि नंतर, अगदी संकोचून, विचारलं की मीटरचे पैसे बिलात लावणार का. मी नाही म्हटलं. दोनशे दहा रुपयांचं मीटर.

ते रात्री घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून उघडलं. बायको म्हणाली हे इथे नको, तरी उघडलं. मागचे दोन स्क्रू काढायचीही गरज नव्हती म्हणा. हे पिवळं मीटर तुम्ही पाहिलेलं असणार. लोहार चाळीत, लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतं, शाळेतल्या प्रयोगाला, हौशी लोकांना, नव्या पोरांना. खाली तीन भोकं. मधलं व्होल्टचं, एक कॉमन, म्हणजे काळ्या लीडचं, आणि सगळ्यात वरचं १० अँपिअरचं, करंट मोजायला. दोन दिवसांपूर्वी एका दुकानात सीसीटीव्हीचा कॅमेरा किती करंट खातो ते बारक्याने मोजलं होतं. तेव्हा लाल लीड वरच्या भोकात घातली, ती तिथेच राहिली. सकाळी नॉब मात्र त्याने न चुकता व्होल्टवर फिरवला.

चूक त्याची आहे, यात वाद नाही. पण ही चूक कोण करत नाही? मी केली आहे, माझ्या वस्तादांनी केली आहे.

व्होल्ट मोजताना मीटर म्हणजे जवळजवळ बंद दार. आत काही लाख ओहमचा रोध, करंट जेमतेम डोकावतो. करंट मोजताना दार सताड उघडं ठेवावं लागतं, कारण सगळा करंट मीटरमधूनच जायचा असतो. वरच्या भोकापासून कॉमनपर्यंत आत काय होतं? जाड तारेचा एक वाकवलेला तुकडा, दोन्ही टोकांना डाग दिलेला. बस. नॉबला तो विचारतही नाही. म्हणजे बारक्याने आर आणि वाय फेजमध्ये, ४१५ व्होल्टला, एक तार आडवी टाकली. मेन पॅनेलजवळ असा शॉर्ट झाला की करंट हजारांत जातो. काही मिलिसेकंदच, पण तेवढ्यात तांबं वितळत नाही, त्याची वाफ होते.

फ्यूज होता आत एक. काचेचा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, मधल्या भोकासाठी. वरच्या भोकाला नाही. आणि हे त्यांनी लपवलेलंही नाही हो! भोकाच्या शेजारी छापलेलं आहे: अनफ्यूज्ड. मी ते मीटर घेताना भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात होतं, पण होतं.

मी घेताना. हो, मीच घेतलं होतं. बारक्या कामाला लागला तेव्हा.

माझं स्वतःचं मीटर २०१४ साली घेतलेलं आहे, तेव्हा महिन्याची निम्मी कमाई गेली होती. त्यात दोन्ही करंटच्या भोकांना वेगवेगळा फ्यूज आहे, करंगळीएवढा, सिरॅमिकचा, आत वाळू भरलेली. तार वितळली की आतला जाळ वाळू गिळते आणि वाळूचीच काच होऊन वाट बंद होते. काचेच्या फ्यूजमध्ये तार जाते पण जाळ तसाच पेटत राहू शकतो, मग काच फुटते. माझ्या मीटरमध्ये लीड चुकीच्या भोकात ठेवून नॉब व्होल्टवर नेला तर ते टॅंटॅं ओरडतं. त्याच चुकीला माझ्या हातात फार तर टिक झालं असतं. हे मीटर मी बारक्याला का देत नव्हतो? पाडून ठेवील म्हणून. अनुभवी माणसाच्या हातात जपणारं हत्यार आणि शिकाऊ पोराच्या हातात दोनशे दहाचं. आमच्या धंद्यात सगळीकडे हेच चालतं, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आता मला कुणी म्हणेल, बघा, चायनीज माल. तसं मी म्हणणार नाही. मीटर बनवणाऱ्या ज्या फ्लूक कंपनीच्या नावाला आमच्यात सोन्याचा भाव, त्यांची १५बी, १७बी ही मॉडेलंही चीनमध्येच बनतात आणि चांगली असतात. दुसरीकडे देशी मालावर एक लेबल चिकटवलं की तो काही आपोआप चांगला होत नाही. नाशिकची टपारियाची पक्कड मी वीस वर्षं वापरतोय ती सातपूरला बनते म्हणून नाही, तिचा जबडा अजून तार कापतो म्हणून.

आणि स्वस्तातलं मी घेतच नाही असंही नाही. नागदेवी स्ट्रीटवरून फॉल्स सीलिंगला भोकं पाडायचा होल सॉचा सेट घेतला, साधा आयात माल, दात झिजले की फेकायचा. डोक्याला लावायची बॅटरी, पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग, वायर सोलायचं स्ट्रिपर, सगळं स्वस्तातलं. काही महिन्यांनी मोडतं. मोडलं की शिवी घालून दुसरं आणतो. भारी कंपनीचं आणलं तर ते कुणीतरी साइटवरून उचलून नेतं, तो वेगळाच खर्च.

काँक्रीटला भोकं पाडायची हॅमर ड्रिल मात्र मी दोनदा स्वस्तातली घेऊन हात पोळून घेतले. म्हणजे शब्दशः नाही, पैशाने. गिरगावात एका जुन्या बिल्डिंगच्या बीममध्ये सळईला बिट लागलं, टोकाचं कार्बाइड उडालं आणि ड्रिलच्या मोटरचं आर्मेचर जळून धूर. मालकीणबाई स्टुलावर बसून बघत होत्या. त्या दिवशी फक्त लाज गेली.

हत्यार मोडतंच. ड्रिल मोडली तर काम थांबतं, मीटर मोडलं तर तेच हातात फुटतं. हा फरक मी बावीस वर्षांत धड बोलून दाखवला नव्हता, ना स्वतःला ना बारक्याला. पकडीचंही तेच. मुठीवर रबरी मोजा चढवलेला असला की पोरं समजतात शॉक लागणार नाही. तो मोजा हात दुखू नये म्हणून असतो. खरी हजार व्होल्टची पक्कड असते तिच्या मुठीवर एकात एक दोन त्रिकोणांची खूण असते आणि तिची चाचणी दहा हजार व्होल्टला घेतलेली असते. आणि टेस्टर? चाळीस रुपयांचा टेस्टर म्हणजे तुमच्या अंगठ्यात आणि फेजमध्ये एक इवलासा रेझिस्टर. पावसाळ्यात भिजलेल्या हाताने तो धरणारे मी रोज बघतो. फेज आहे एवढंच तो सांगतो. पूर्ण आहे की कुठूनतरी उलटी फिरून आलीय, ते त्याला कळत नाही.

पुढच्या शनिवारी लोहार चाळीत गेलो. बारक्याला ये म्हटलं नव्हतं, तरी आला, हाताला पांढरं बोचकं बांधून. त्याच्यासाठी मीटर घेतलं, मधल्या किमतीचं, करंटच्या भोकांना सिरॅमिक फ्यूज असलेलं. दुकानात तिथल्या तिथे मागचं झाकण उघडून दाखवायला लावलं. शेठ वैतागला, "पॅकिंग फाटेल ना." फाटू दे म्हटलं. मग वर एक जादा फ्यूज मागितला. एका फ्यूजच्या पैशात ती पिवळी मीटरं तीनचार तरी आली असती. शेठने तो काउंटरवर ठेवताना माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच हिशोब चुकतोय.

"एक देऊ की दोन?"

"दोन द्या."

बारक्याने डाव्या हाताने त्यातला एक उचलला, उलटसुलट करून बघितला. "दादा, ह्यात खरंच वाळू असते?" म्हणाला आणि कानाशी नेऊन हलवला.

"येतो का आवाज?"

"नाही येत," तो म्हणाला. "पण माझ्या कानात अजून जरा वाजतंय, त्यामुळे सांगता नाही येणार."